चेपलेलं खोकं

गॅरेजची मोटरवर चालणारी दारं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे 'रेडिओ' म्हणत, आणि त्यात अन्याय असा काही नव्हता. काम तासाभरात आटपायचं, सूचना आटपायच्या नाहीत. "दार खाली येताना घाईनं आत शिरायचं नाही. स्प्रिंगला हात लावायचा नाही, ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आठवड्यातून एकदा दाराखाली रिकामं खोकं ठेवून बघा. दार माघारी वर गेलं पाहिजे. खोकं चेपलं, तर पुन्हा बटण दाबू नका, प्लग काढा आणि मला बोलवा. कळलं का?" गिऱ्हाईक "हो हो" म्हणत त्याला वाटेला लावायचं. बायको तर म्हणायची, "इतकं भिंतीशी बोलला असतात, तर भिंत शहाणी झाली असती."

त्या दुपारी तो जेवायला घरी आला, हात धुण्याआधी त्यानं खिसा रिकामा केला आणि त्याचा चेहराच उतरला. टेस्टर होता, पेचकस होता, वायरचा लाल तुकडा नव्हता.

दाराच्या दोन्ही बाजूंना खाली सेन्सर असतात. मध्ये कुणी आलं, की त्यांच्यामुळे दार माघारी फिरतं. सकाळी एका आजींकडे मोटर तपासताना त्यानं सेन्सरच्या जागी तो तुकडा जोडला होता, म्हणजे वाट कायम मोकळीच आहे असं मोटरला वाटावं. तपासून झालं की तुकडा काढायचा आणि खोकं ठेवून बघायचं, ही त्याची रीत. आज आजी फार मन लावून ऐकत होत्या, म्हणून गडी खुलला. खोक्याबद्दल भरभरून बोलला, पण खोकं ठेवायचं मात्र राहून गेलं.

आणि त्या घराच्या पुढच्या दाराला पायऱ्या होत्या. म्हणून आजोबा वॉकर घेऊन, मुंगीच्या पावलांनी, गॅरेजच्या दाराखालूनच फिरायला जात.

त्यानं फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझीच. "अहो, ताट वाढलंय!" बायको ओरडली, तोवर स्कूटर कोपऱ्यावर पोचली होती. वाटेत त्याला आजोबांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

गॅरेजचं दार खाली आलेलं होतं, पण जमिनीला टेकलं नव्हतं. खाली काहीतरी अडकलं होतं. स्कूटर तशीच टाकून तो पुढे धावला, वाकला आणि त्यानं पाहिलं. चपलांचं खोकं होतं, पार चपटं झालेलं.

तो तिथेच फरशीवर बसला.

"फोन आहे की खेळणं?" बाजूच्या दारातून आजी कडाडल्या. "कधीची लावतेय, सारखा बिझी!"

"मी तुम्हालाच लावत होतो, आजी. आजोबा कुठायत?"

"आत बसलेत फुगून. आज फिरायला सोडलं नाही ना! तुम्ही सांगितलं तसं खोकं ठेवलं, ते चेपलं. लगेच प्लग काढला."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. आयुष्यभर एवढं बोलला, पण आज कुणीतरी शब्दन् शब्द ऐकला होता. "चूक माझीच आहे," तो म्हणाला. "सेन्सर मीच बंद ठेवून गेलो."

त्यानं लाल तुकडा काढला, सेन्सर नीट जोडले, प्लग लावून दार वर घेतलं आणि या वेळी स्वतःच्या हातानं खोकं ठेवलं. दार अर्ध्यावर आलं, थांबलं, माघारी वर गेलं. आजोबा वॉकर ढकलत निघाले, ते पार अंगणात पोचेपर्यंत यानं प्लग काढून हातात धरला होता.

मग आजींनी कमरेवर हात ठेवले. "आता ऐका. काम झालं की आधी तुकडा काढायचा. मग खोकं ठेवायचं. खोकं ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कळलं का?"

रेडिओनं लाल तुकडा आठवणीनं खिशात टाकला.

"कळलं," तो म्हणाला. "पण आजी, पुन्हा एकदा सांगा."