गोणीच्या दोन बाजू

बेटा, जवळ ये. ही चिठ्ठी वाचताना तरी मोबाइल उलटा ठेव आणि माझ्या खाटेवर बसल्यासारखी बस. आधी बोलणी खा. भंवरकुआंचं होस्टेल काय सात समुद्रांपार आहे? इंदुरातल्या इंदुरात परदेशीपुऱ्यात यायला तुला टाइम नाही, आणि मेसेज मात्र केलास, "आजी, ते बैलांचं गाणं बोलून पाठव ना, दोन्ही बाजू. प्रोजेक्टला पाहिजे."

तूच सांगितलंस, परदेशातल्या वाळवंटाकडं जुनी व्यापारी राज्यं होती, उंटांवर मीठ जायचं, सोनं यायचं, आणि सगळी हकीकत तोंडपाठ ठेवणारी माणसं असायची. मी म्हटलं, यात काय नवल? मीठ तर आपलेही वाहायचे. तुझ्या आजोबांचे पूर्वज कोकणचं मीठ बैलांवर लादून माळव्यात आणायचे आणि गहू भरून परत जायचे. एका फेरीत कोणीतरी इथंच राहिलं, म्हणून आपण इंदूरचे. कागद एकही नाही. आहे ते एवढंच गाणं, आणि तेही गाणं कसलं, नुसते सवाल-जवाब.

बैलाच्या पाठीवरची गोण दोन्हीकडं सारखी लोंबते. ती उचलायला दोघं लागतात. या बाजूचा मुक्कामाचं नाव घ्यायचा, त्या बाजूचा तिथलं पाणी सांगायचा, आणि त्याच दमात गोण वर. "सेंधवा?" "गडाखाली पाणी." "खलघाट?" "रेवामाय, उतार बघा." म्हणजे नदी कुठं उथळ आहे ते. दोन्ही बाजू एकालाच शिकवायच्या नाहीत, असा घरचा नियम.

मी काही ते बैल पाहिले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा घरातले पुरुष मिलमध्ये जायचे. पण गोधड्या धुवायच्या दिवशी सासूबाईंनी ओल्या गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं थोरल्या जाऊबाईंच्या. म्हणजे तुझ्या मोठ्या आजीच्या. नावं माझ्याकडं, पाणी त्यांच्याकडं. एक नाव, एक पीळ. गाण्यात मानपुर येईपर्यंत गोधडीतलं पाणी निथळून जायचं. बरीच वर्षं आम्ही असं पिळलं. मग वॉशिंग मशीन आली, जाऊबाई मुलाकडं मानपुरला गेल्या, आणि ते बंदच पडलं.

तू म्हणशील, इतकी वर्षं ऐकून त्यांची बाजू पाठ कशी नाही? अगं, त्या बोलायच्या तेव्हा माझं ध्यान पुढच्या नावावर! चुकलं की सासूबाईंची नजर यायची. पण तुला नाही म्हणवेना. आठवून आठवून मी दोन्ही बाजू रेकॉर्ड केल्या, आणि पाठवण्याआधी पक्कं करायला मानपुरची बस धरली.

जाऊबाई मुलाच्या चहाच्या दुकानामागं खाटेवर बसल्या होत्या. समोर हायवे, ट्रकामागं ट्रक. त्यांना आता फारसं दिसत नाही. मोबाइल कानाशी धरून ऐकत होत्या. "चिंचबारव?" माझाच आवाज. पुढं माझाच जवाब, "गोड पाणी, मुक्काम करा."

अशा हसल्या की ठसका लागला. "धाकटे, तिथलं पाणी खारं! 'पुढं चला' म्हणायचं तिथं. तुझ्या भरवशावर अख्खा तांडा आडवा झाला असता."

"मग तुम्ही बोला ना नीट. मी रेकॉर्ड करते."

"या डब्ब्याला सांगू? हा गोण उचलणार आहे का?"

"बरं, मला सांगा."

"तुला कशाला? तुझी ती बाजू. उद्या मी गेले की तू एकटीच दोन्हीकडून बडबडशील. आणि चुकलीस तर हसायला कोण?"

सच्ची सांगते, रेकॉर्ड करताना ते 'गोड पाणी' मला अगदी पक्कं आठवत होतं. जराही शंका आली नव्हती.

"मग देणार कोणाला?" मी विचारलं.

"तुझ्या नातीला पाहिजे ना? तिला आण. माझं टोक तिच्या हातात देते." मग म्हणाल्या, "पण उशीर नको करू. परवा दोन जवाब आठवेनात. एक दुपारपर्यंत आला. दुसरा अजून आला नाही."

कोणता, ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी माझा हात धरला. गोधडीचं टोक धरायच्या तसाच, मनगटाला पीळ देऊन.

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं आहे. खाऱ्याला गोड म्हटलेलं तुझ्या प्रोजेक्टात जायला नको. कपाटातली जुनी गोधडी काढून पिशवीत भरली आहे. भिजली की जड होते, म्हणून लहानच घेतली. परीक्षा झाल्यावर येते म्हणू नकोस. परीक्षा दरवर्षी असते. या रविवारी सकाळीच ये. आपण मिळून मानपुरला जाऊ. नावं मी घेईन, पाण्याचं तू शिक. ये गं बेटा, लवकर ये.