बिनआवाजाची बातमी

परवा दारात गादीवाल्याचा टेम्पो थांबला. त्याने जुनी रुई पिंजायला यंत्र सुरू केलं, तो गरम, धुळकट वास नाकात शिरला आणि मी थेट आमच्या सूतगिरणीच्या दारात जाऊन उभी राहिले.

चारी बाजूंनी डोंगर आणि मधोमध गिरणी, असं आमचं गाव. याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरून डोंगर उतरून तिथे कामाला यायची. त्या दिवशी मी चौथीत पहिली आले होते. धावत जाऊन दारातूनच ओरडले, पण यंत्रांच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. पार शेवटच्या यंत्रापाशी याडीने मान वर केली आणि हाताने खुणावलं, ओरडू नको, नुसती बोल. मी आवाज न काढता ओठ हलवले. तिला कळलं! तिने शेजारणीकडे वळून ओठ हलवले, शेजारणीने पुढचीकडे. केसांत कापूस अडकलेली ती अख्खी रांग माझ्याकडे बघून हसायला लागली. मागे खिडक्यांतून उन्हाने तांबूस झालेले डोंगर दिसत होते.

तेव्हा ती मला जादू वाटली. त्या बायकांचे कान गिरणीने नेले होते, हे फार उशिरा कळलं. आता गिरणीच्या आवारात शेळ्या चरतात. डोंगर तेवढे तसेच आहेत.

गादीवाल्याचं यंत्र घरघरत होतं. ओसरीवरच्या याडीकडे बघून मी नुसते ओठ हलवले, "चहा ठेवू का?"

"ठेव," ती म्हणाली. "पन आधी त्या गादीवाल्याले पानी दे. बिचारा कवाचा मांगून राह्यला, तुले ऐकूच येत नाही."