येतो, ओव्हर

बसमध्ये कुणी माझा पाय तुडवला तर सॉरी मीच म्हणतो. पन्नाशी उलटली तरी सवय सुटलेली नाही. बायको म्हणते, तुमच्या पत्रिकेत अपराधच उच्चीचा आहे. पण ही सवय सर्वात जास्त फोफावली ती कोथरूडच्या एका बंगल्यात, जिथे मी काही वर्षं रेडिओ-रूमचा सुपरवायझर होतो.

पुण्यापासून दिवसभराच्या अंतरावर भूकंपाने पडलेल्या गावांत आमची संस्था काम करायची. औषधं, तंबू, पुढे घरबांधणी. डॉक्टर आणि सामान घेऊन जीपगाड्या गावोगाव फिरायच्या. रस्ते खचलेले, ओढ्यांना कधी पाणी येईल सांगता येत नसे, आणि वाटपाच्या ठिकाणी कधीकधी गर्दी चिडून गाडी अडवून धरायची. म्हणून नियम असा, की गाडी निघाली की रेडिओवर कळवायचं, पोचली की कळवायचं, आणि मधे दर तासाला आवाज द्यायचा. आवाज आला नाही तर शोध सुरू. त्यासाठी आमची खोली दिवसरात्र जागी असे. भिंतीवर नकाशा, नकाशावर प्रत्येक गाडीची एक रंगीत पिन, टेबलावर रेडिओ, आणि गच्चीवर एवढी मोठी अँटेना, की सोसायटीतली मुलं तिला आयफेल टॉवर म्हणत.

माझा अपराध इथूनच सुरू व्हायचा. ते तिकडे उन्हात, चिखलात, आणि मी इकडे पंख्याखाली बटाटेवडा खात त्यांच्या पिना सरकवतोय. वडा गिळायचा नाही. पहिल्या पाळीला रेडिओवर बसणाऱ्या ताईंनी हे ओळखलं होतं. एकदा म्हणाल्या, "साहेब, तुम्ही अंगणात उन्हात जाऊन उभे राहिलात, तर त्यांची गाडी लवकर पोचेल का? नाही ना? मग खा."

ताई पूर्वी ट्रंक कॉल जोडायच्या, हंगामी म्हणून. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि ताईंचं काम संपलं. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून त्या कोथरूडला यायच्या. मोठी मुलगी डिप्लोमाला होती आणि घर ताईंच्याच पगारावर चालायचं. रात्रपाळीला इंजिनिअरिंगची पोरं असत. ती आमच्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि एकेक करून कंपन्यांत निघून गेली. जाताना पेढे द्यायची. ताईंना मात्र कुठलीच कंपनी बोलावणार नव्हती. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आणि दिल्लीच्या कर्नलसाहेबांना ताई खटकत होत्या. हे निवृत्त लष्करी गृहस्थ आमच्या सगळ्या सुरक्षेचे प्रमुख. त्यांनी गाड्यांना इंग्रजी नावं दिली होती: डेल्टा एक, डेल्टा दोन. ड्रायव्हरमंडळींनी त्यांची डाळ एक, डाळ दोन केली. बोलायचं ठरीव इंग्रजीत, असा त्यांचा आदेश होता. पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की ड्रायव्हर गप्पच बसायचे, मग गाडी कुठे आहे ते कळायचं नाही. शेवटी मीच सांगून टाकलं, घरी बोलता तसं बोला, फक्त शेवटी ओव्हर म्हणा. तेव्हापासून खोली बोलकी झाली. ताई तर प्रत्येक ड्रायव्हरला "जेवलात का?" विचारायच्या. दिल्लीला हे कळलं आणि निरोप आला: कर्नलसाहेब एक सकाळ येऊन बसतील, आणि ताईंना ठेवायचं की इंग्रजी बोलणारा माणूस घ्यायचा ते तिथेच ठरवतील.

ते आले त्या दिवशी मी सकाळपासून माफी मागत होतो. जिना अरुंद आहे, सॉरी सर. चहा गार झाला, सॉरी सर. वीज घटकाभर गेली, तेवढ्यापुरतं बॅटरीवर आलो, त्याचंही सॉरी. ताई कडक इस्त्रीची साडी नेसून रेडिओसमोर बसल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी कुणालाच जेवलात का विचारलं नाही. ड्रायव्हरांना ते चमत्कारिक वाटलं असावं. एकाने आपणहून सांगितलं, "नाष्टा झालाय बरं का ताई. ओव्हर."

मग डाळ चारचा आवाज आला. या गाडीवर आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर मामा होते आणि सोबत एक डॉक्टरीणबाई.

"ताई, हितलं झालं. येतो आता. ओव्हर."

"ठीक आहे डाळ चार. ओव्हर," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पिन आमच्या तळाच्या वाटेवर सरकवली. तळ म्हणजे तिथला मुख्य कँप. दुपारच्या जेवणाला गाड्या बहुधा तिथेच परतायच्या.

तास उलटला. डाळ चारचा आवाज नाही. तळाला विचारलं, तर गाडी तिथे पोचलेलीच नाही. ताईंनी हाक दिली, पुन्हा दिली. नुसती खरखर. तळाकडच्या वाटेवर एक ओढा होता. कर्नलसाहेब खुर्चीतून उठून नकाशापाशी गेले आणि ताईंच्या कपाळावर घाम दिसू लागला.

मी पुढे होऊन माइक घेतला. खरं तर काही गरज नव्हती.

ज्यांनी हा रेडिओ वापरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की ऐकू येतं. दाबून ठेवलं तर आपल्याला कुणाचंच ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कुणाला बोलताही येत नाही. मी बटण दाबलं आणि तळाला शोधासाठी गाडी काढायला सांगितलं. तिथेच थांबायचं. पण मागे कर्नलसाहेब उभे होते. मी बोलतच राहिलो. ही चूक ताईंची नाही, माझी आहे, मीच सगळ्यांना घरच्यासारखं बोला म्हणून सांगितलं, त्याबद्दल मी तळाची माफी मागतो, तुमचं जेवण मोडलं त्याबद्दलही मागतो, मागच्या आठवड्यात बॅटऱ्या उशिरा पाठवल्या तीही माझीच...

"अहो!" खिडकीबाहेरून आवाज आला.

शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आम्ही रेडिओवर बोललो की त्यांच्या टीव्हीवर आडवे पट्टे यायचे. समोरचा बोलत असेल तेव्हा चित्र स्वच्छ. त्यामुळे आमच्याकडे कोण किती बोलतं, हे त्यांना मालिका बघता बघता नेमकं कळायचं.

"किती वेळ पट्टे? आख्खी मालिका पट्ट्यात गेली माझी! तुमच्या त्या बाई दोन शब्द बोलतात आणि थांबतात. तुम्ही कीर्तनाला बसलाय का? समोरच्याला बोलू द्या की जरा!"

माझा अंगठा आपोआप सुटला.

"...अवो सायेब, मघापासनं बटण दाबतोय, तुमचं भजनच संपंना!" डाळ चारचे मामा ओरडत होते. "पेट्या उतरवत हुतो, गाडीत कुणी नव्हतं. ताईंची हाक ऐकून पळत आलो, तर तुमी सुरू. मी फुडल्या गावात हाय. डॉक्टरीणबाई पेशंट बघत्यात. सगळं झ्याक हाय. ओव्हर!"

ताईंनी माझ्या हातातून माइक घेतला. "अहो मामा, येतो म्हणालात ना? ओव्हर."

"मग काय जातो म्हणू? गाडीत डॉक्टरीणबाई, वाटंत वढा, आन् जातो म्हणू व्हय? ओव्हर."

ताईंनी डोळे मिटले. जाणारा माणूसही निरोप घेताना येतोच म्हणणार, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पण त्या जेवणाच्या वेळेला आम्हा दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

"क्या बोल रहा है?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

माझं हिंदी पुण्याचं. "सर, हमारे में जातो नहीं बोलते. अशुभ रहता है."

"तो जानेवाला क्या बोलता है?"

"आता हूँ, सर."

"और आनेवाला?"

"वो भी... आता हूँ."

कर्नलसाहेबांनी नकाशावरच्या सगळ्या पिनांकडे एकदा पाहिलं. "हम तो चलता हूँ बोलते हैं."

"त्यात तरी कुठे कळतं, कुठे चालला ते," ताई पुटपुटल्या. सुदैवाने मराठीत.

"ऑपरेटर बदलिए," ते म्हणाले. "ये नहीं चलेगा."

"सर, गलती मेरी..."

"आज सुबह से आपने कितनी गलतियाँ अपने नाम कीं? चाय आपकी, बिजली आपकी, सीढ़ी भी आपकी. अब कौन सी सच मानूँ?"

आयुष्यभर सुट्टी नाणी उधळावीत तशी माफी उधळली होती आणि आता खरी द्यायची वेळ आली तर खिसा रिकामा. मला काकूंचे पट्टे आठवले. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचं.

"ताई रहेंगी, सर," मी म्हणालो. "मराठी की छूट मैंने दी थी. सुधारूँगा भी मैं."

आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं फार जड गेलं. जीभ आतल्या आत सॉरी सॉरी करत होती. पलीकडे काकूंच्या टीव्हीवर कुणीतरी सून रडत होती, अगदी स्वच्छ.

ताई आमच्यासाठी थांबल्या नव्हत्या. "डाळ चार, यापुढे येतो नाही आणि जातोही नाही. कुठल्या गावाला, ते आधी सांगायचं. ओव्हर."

"निगालो म्हणलं तर चालंल का? ओव्हर."

"गावाचं नाव आणि निघालो. चालेल. जेवलात का? ओव्हर."

"बसतोच हाय. वांग्याचं भरीत हाय. ओव्हर."

"सावकाश जेवा. ओव्हर."

कर्नलसाहेबांनी गार चहाचा कप उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. मग ताईंकडे बोट करून मला म्हणाले, "ये रहेंगी. लेकिन एक शर्त है. माइक इनके हाथ में रहेगा. आपके हाथ में नहीं."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. ताईंनी वळून पाहिलं. मी "यस सर" म्हणालो.

त्या दिवसापासून सगळे ड्रायव्हर इमानाने गावाचं नाव घेऊन निघालो म्हणू लागले, आणि त्याच्या शेपटाला हळूच येतोही लावू लागले. ते आम्ही चालवून घेतलं. मी मात्र पुढे मोबाइल आले आणि ती खोली बंद झाली तोवर त्या माइकला हात लावला नाही. काकूंनी दिवाळीला चकल्या पाठवल्या, चित्र सुधारल्याबद्दल.

कर्नलसाहेब त्याच दुपारी परत निघाले. ताई आणि मी खिडकीत उभे होतो. गाडीत बसता बसता ते थांबले, वर पाहिलं आणि नव्याने शिकलेला शब्द मोठ्याने म्हणून दाखवला:

"अच्छा. येतो!"

ताई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "पिन कुठे लावू, साहेब?"