आबांच्या नावाचं रक्त

लघवीच्या डॉक्टरकडे आलेला माणूस आधी लाजतो, मग लाज झाकायला काहीतरी बोलतो, आणि त्याचेच किस्से होतात. नव्वदच्या दशकात मी जळगावात दवाखाना थाटला तेव्हापासून ते साठत गेले. माझ्यापेक्षा आमच्या सिस्टर शांताक्कांकडे जास्त, कारण पेशंटसमोर मला हसायची चोरी होती!

एकदा बाकावर पाच जण बसलेले. अक्कांनी पेशंट कोण म्हणून विचारलं, तर प्रत्येक जण म्हणे, मी शेजारच्याच्या सोबतीला आलोय. पाचही जण!

"बरं, मग सोबतीच एकेक करून आत या," अक्का म्हणाल्या.

*

सोनोग्राफीला लघवी तुंबवून या, असं आम्ही बजावायचो. बोदवडचे एक मास्तर घरूनच तांब्यावर तांब्या रिचवून निघाले. पॅसेंजर सिग्नलला अडकली. मास्तर घामाघूम होऊन दवाखान्यात शिरले ते थेट संडासात. बाहेर आले आणि शहाण्या मुलासारखे टेबलावर आडवे झाले.

"घ्या, सगळं मोकळं करून आलोय."

त्यांना पुन्हा पाणी पाजून दुपारपर्यंत बसवावं लागलं.

*

पण आमच्या दवाखान्याचा मानाचा पेशंट म्हणजे पाचोऱ्याकडचे आबा. सत्तरीला टेकलेले, केळी आणि तूर पिकवणारे. धाकटा भाऊ नाना सावलीसारखा मागे.

प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही. रक्ताच्या एका तपासणीत त्याचा माग लागतो, आणि तेव्हाच सापडला तर माणूस वाचतो. नमुना मुंबईला जायचा, आठवड्याने रिपोर्ट यायचा. आबांचा आकडा जरासा जास्त आला. मी महिन्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. ते त्यांनी दिलं, आणि रिपोर्ट आला तो दुप्पट!

आबांना समजावलं की कापाकापी नाही, सोनोग्राफीत बघत सुईने सहा ठिकाणचे बारीक तुकडे काढायचे, संध्याकाळी घरी. मला वाटलं, घाबरतील. पण आबांनी जन्मभर बाजार समितीत तूर विकलेली. पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसून व्यापारी दाणे काढून बघतो, हे रोजचंच.

"एकज बाजूले परखी मारी तर व्यापारी बुडस," ते मला शिकवू लागले. "बठ्ठीकडे, चारी बाजूले मारा."

*

सहाही तुकडे स्वच्छ निघाले. मला आनंद झाला, पण हिशेब काही जुळेना. रक्तातला आकडा एवढा वाढलाय आणि आत काहीच कसं नाही, असं मी आबांना विचारलं. दाराशी उभे नाना हळूच म्हणाले,

"दुसरं रगत मन्हं व्हतं."

त्या दिवशी केळीचे घड उतरवायचे होते आणि ट्रक बांधावर उभा होता. म्हणून आबांनी नानांना पाठवलं. गर्दीत अक्कांनी मान वर न करताच आबांचं नाव पुकारलं, नानांनी हात पुढे केला. मी भडकलो. आबांना मात्र यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं.

"सख्खा भाऊ शे. आमनं रगत एकज शे."

मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. रक्त नानांचं, म्हणजे वाढलेला आकडाही नानांचा! नानांना कसलीच तक्रार नव्हती. ते आपल्या पायांनी माझ्याकडे कधीच आले नसते.

नानांच्या सहा तुकड्यांपैकी एकात कॅन्सर सापडला. अगदी लहान, ग्रंथीच्या आतच. त्या दिवशी मी आबांच्या अडाणीपणाचे मनातल्या मनात पाय धरले.

*

मुंबईला दीड महिना किरणोपचार घेऊन नाना परतले. रोग गेला की नाही, ते आता रक्तच सांगणार होतं. पुढे रिपोर्ट चांगला आला, आणि तो नानांचाच होता! पण रक्त द्यायला आले त्या सकाळी ते कुणाला ठाऊक होतं? नाना खुर्चीत बसले. आबा शेजारी उभे. अक्कांनी नानांच्या दंडाला रबर बांधलं आणि सुई उचलली.

तेवढ्यात आबांनी नानांचा हात बाजूला सारला, स्वतःची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"मागल्या खेपले त्यानी मन्हाकरता दिधं. आते मन्हं ल्या."