भुयारातली ललकारी

"पोट आलं! पाठोपाठ मालक येतायत!"

मंडईतून घरी जाताना लागणाऱ्या भुयारी मार्गात मी पाऊल टाकलं, की ही ललकारी उठायची. पोट माझं. मालकही मीच, भुयाराच्या तोंडाशी माझं शाईच्या पेनांचं दुकान आहे. ललकारी देणारी बाई आत वळणावर पोतं पसरून पिना आणि टिकल्या विकायची.

भर दुपारी तिथे अंधार असे. एकच ट्यूबलाइट लागायची, तीही डोळा मारत. बाईला उजेडाची गरजच नव्हती. पावलांवरून ती माणूस ओळखायची आणि वळणापलीकडच्यांना खणखणीत आवाजात कळवायची. "चपला घासत एक लग्नाळू येतोय!" "दोन मास्तरीणबाई, एकीचा जोडा चावतोय!" कोणी उगाच रेंगाळला तर, "काय हो, भिंत पडेल म्हणून टेकून उभे आहात? नाव सांगा, सत्कार करू." सत्कारमूर्ती क्षणात बाहेर!

क्लासच्या मुली खिदळत जायच्या. माझी बायको तर गरज नसताना पिना घ्यायची.

मला मात्र पोटाचा सूड घ्यायचा होता. संधी आपल्या पायांनी आली. भुयारात लोकांना असुरक्षित का वाटतं ते लेखी कळवा, असं पालिकेच्या कचेरीतून दुकानदारांना सांगण्यात आलं. मी पेनात ताजी शाई भरली. 'दिवे अपुरे आहेत', ही एक ओळ. पुढची दीड पानं बाईवर. 'कर्कश आरोळ्यांनी पादचारी, विशेषतः महिलावर्ग, भयभीत होतो.' महिलावर्गाला मी विचारलं नव्हतं. अक्षर मात्र काय सुंदर आलं होतं! सगळ्या दुकानदारांनी हसत सह्या केल्या. बाईने कोणालाच सोडलेलं नव्हतं.

महिन्याभराने ती एक कागद घेऊन माझ्याच दुकानात आली. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचा की, मालक."

जागा सोडण्याची नोटीस होती, सोबत माझी दीड पानं. हौशी नाटकांतून कामं केलेला माणूस मी. योग्य तिथे थांबत, आवाज चढवत वाचलं. कर्कश, भयभीत, सगळं.

तिने कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "बायका भितात? माझ्या आवाजाला?"

"असं लिहिलंय खरं."

"मग गप बसते. एक शब्द बोलत नाही. तेवढं लिहून द्याल का साहेबांना?"

"आता उशीर झाला, बाई," म्हणालो आणि निब पुसत राहिलो.

उशीर झालेला नव्हता. हरकत घ्यायला पंधरा दिवस दिले होते. ती ओळ मी वाचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पोतं गुंडाळलं. कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

आता तिथे लख्ख पांढरे दिवे आहेत आणि छतातून बासरी वाजते. बासरीमुळे मागची पावलं ऐकू येत नाहीत. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला. बायकोला म्हटलं, "जा की खालून, कसा झगमगाट आहे!"

"त्या झगमगाटात मी एकटीच दिसते," ती म्हणाली. "बाईला उठवायचा अर्ज कोणा गाढवाने केला हो?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

ती आता वरूनच रस्ता ओलांडते. पिशवी काखेत, निऱ्या मुठीत, दुभाजकावर चढून बसगाड्यांमध्ये फट शोधत उभी राहते. काल एका रिक्षाने तिच्या हातातली पिशवी उडवली. कोथिंबीर रस्ताभर. मी दुकानातून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अगं, मागे हो!"

हॉर्नच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही.