विमानाच्या लाकडाचा खरा रंग

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले लोक देवळात जायला लागतात, मी विमानांच्या रंगांत शिरलो. शंभर वर्षांपूर्वीची लढाऊ विमानं लाकडाची आणि कापडाची. त्यांचे फोटो काळेपांढरे, त्यामुळे मूळ रंग कोणता यावरून जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे भांडत असतात.

एका संग्रहालयाने मला अशा विमानाच्या दोन पंखांमधल्या लाकडी दांड्याचा वीतभर तुकडा पाठवला. त्यांना नवी लाकडं अगदी तशीच रंगवायची होती. पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलो. वर राखाडी, त्याखाली हिरवा, सगळ्यात खाली मूळ वार्निश. वार्निश अंधारात राहिलं की पिवळं पडतं, म्हणून तुकडा मे महिन्यात गच्चीवर ठेवला. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा! पिवळेपणा बराच उतरल्यावर इतवारीतून लाख आणि लाकडाचे रंग आणले आणि नमुने केले.

इथवर सगळं एकट्याला जमतं. शेवटचा निर्णय मात्र एकट्याने घ्यायचा नसतो. नमुना मूळ तुकड्याशेजारी ठेवून दुसऱ्या माणसाला विचारायचं असतं. माझं दुसरं माणूस म्हणजे बायको. कणीक मळता मळता यायची, एक नजर टाकायची. "अवो, पिवळा लई झाला न! दिसून नाही राहिला का तुमाले?" मी चिडायचो, वाद घालायचो आणि मुकाट्याने नवा नमुना करायचो. गेल्या वर्षी ती गेली.

या वेळी शेजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मले तं सारे सारखेच दिसून राहिले गा. देऊन टाक न कोणताही पाठवून." त्याचा राग आला, पण खात्री मलाही नव्हती.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता; तेवढ्यात उजव्याचा काढला. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा तुकडा हातात घेतला. जो नमुना मी जवळजवळ पक्का केला होता, तो उजव्या डोळ्याला भलताच पिवळा दिसत होता. डाव्याला मात्र, मोतीबिंदूच्या पिवळट पडद्याआडून, अजूनही बिनचूक. उजव्याचं ऐकून नवा नमुना केला, आणि संग्रहालयाने तोच घेतला.

आता डॉक्टरांचे फोन येतात. "काका, डावा डोळा काहून टाळून राहिले? अजून पिकला तर त्रास होईन." मी कधी सर्दीचं सांगतो, कधी पाहुण्यांचं. पाहुणे कुठले यायला! खरं कारण सांगायची लाज वाटते. रोज सकाळी मी एखादा नमुना घेऊन बसतो. डावा म्हणतो जमलं, उजवा म्हणतो नाही, आणि घरात थोडा वेळ वाद चालतो. डावाही साफ झाला की दोघांचं एकमत होईल. मग माझं चुकलं असं म्हणणारं या घरात कुणीच उरणार नाही.