राखाडी अक्षर

रोजच्या शब्दकोड्यात माझा पहिला शब्द ठरलेला आहे: लवकर. दुसरा: समाधान. या दोन शब्दांत मराठीतली नेहमीची आठ अक्षरं तपासून होतात. लोक पहिल्याच फटक्यात जिंकायला बघतात आणि मग डोकं धरून बसतात. पहिला शब्द जिंकायला नसतोच, गाळायला असतो. जे अक्षर शब्दात नसल्यानं राखाडी झालं ते गेलं, त्याच्याकडे परत वळून बघायचं नाही. लोणावळ्यातल्या हॉटेलच्या रिसेप्शनवर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत मी कोडं सुटल्याच्या चौकोनी खुणा बहिणींच्या ग्रुपवर टाकून मोकळी होते. या बाबतीत मला थोडा माज आहे, नाकारत नाही.

हा माज घेऊनच मी त्या सकाळी तळेगावच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी उभी होते. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. मानेतल्या नसेत अडथळा होता आणि दुपारी ऑपरेशन ठरलं होतं. पण पहाटेपासून आई नुसती तळमळत होती. डावा हात आपटत होती, घशातून काहीतरी ओढून काढू बघत होती, आणि यंत्रावरचं प्रेशर चढत चाललं होतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "हे खाली आलं नाही तर मी हात लावणार नाही. आणि थांबायलाही फार वेळ नाही. त्यांना काय हवंय ते बघा."

दादाचा धीर केव्हाच सुटला होता. "आय, पानी पायजे का? दुखतंय का? म्हशीची काळजी लागली का?" त्याच्या प्रत्येक प्रश्नाला आई मान झटकायची आणि आकडा आणखी वर जायचा.

"अरे, असं अंदाजपंचे दाहोदरसे नको विचारूस," मी म्हणाले.

"मग तू इचार की! लय शानी ना तू!"

वॉर्डात बाराखडीचा तक्ता होता. आई चौथी शिकलेली. मी तक्ता तिच्यापुढे धरला, म्हटलं, पहिलं अक्षर दाखव. तिचं बोट एका अक्षरावर टेकलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. "हे?" मी विचारलं. तिनं डोळे मिटून जोरात मान हलवली. नाही. मी ते अक्षर मनातल्या मनात राखाडी केलं. पुन्हा तक्ता धरला तर तिनं तो हातानं उडवून लावला.

मग मी माझ्या पद्धतीनं निघाले. हो असेल तर माझा हात दाब, म्हटलं. वस्तू? नाही. माणूस? तिनं हात दाबला. मला हायसं वाटलं, अर्धं जग गळालं. घरातलं? दाबला. मग मी एकेक नाव घेत गेले. मी, दादा, वहिनी, नातवंडं, धाकटी मावशी. सगळ्यांना नाही. आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव मी घेतलंच नाही. त्यांचं खरं नाव त्याच राखाडी अक्षरानं सुरू होत होतं, आणि गेलेलं अक्षर मी परत घेत नाही. शिवाय आबा गावी, वडिवळ्याला, भाताच्या झोडणीत होते. त्यांच्या हृदयाला झेपणार नाही म्हणून दादानं त्यांना आईला साधी चक्कर आलीय, उद्या घरी आणतो, एवढंच सांगून ठेवलं होतं.

माणसं संपली. नर्स पुन्हा आकडा बघून गेली. कोड्यात कुठलाच शब्द बसेनासा झाला की त्याचा अर्थ एकच असतो, आपण कुठलातरी रंग चुकीचा वाचलाय.

आणि मला शिरगावच्या देवळातली पावतीची खिडकी आठवली. अभिषेकासाठी यजमानांचं नाव विचारलं की आई पदर तोंडाशी धरून मला कोपरानं ढोसायची, सांग की गं. सगळा जन्म तिनं आबांचं नाव घेतलं नव्हतं. मरणाच्या दारातही बोट त्या अक्षरावर ठेवायला ती लाजली होती, तेही पोराच्या देखत! त्या नकाराला मी खेळातला नकार समजले.

दादाला मी चहा आणायला पिटाळलं आणि तिच्या कानाशी वाकले. "आबांना बोलवू?"

तिची नखं माझ्या तळहातात रुतली.

मी तिथूनच फोन लावला आणि आबांना खरं ते सांगितलं. दादा चहा घेऊन आला तो भडकलाच. "त्यांना काय झालं म्हंजे? दोघं बी जातील ना!" भीती मलाही तेवढीच वाटत होती. आबा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून येईपर्यंत मी दोन आकड्यांची काळजी करत होते, एक यंत्रावरचा आणि एक न दिसणारा.

आबा आले ते केसांत भाताचा भुसा घेऊन. छाती भात्यासारखी हलत होती. दादाकडे बघून एवढंच म्हणाले, "चक्कर म्हनला व्हतास." दादानं मान खाली घातली. आई डोळे मिटून पडली होती. आबा खाटेशी गेले, पण हात लावायला धजले नाहीत. आमच्यासमोर त्यांनी कधीच लावला नव्हता. नुसते उभे राहिले. मग त्यांनी आईला तिच्या नावानं हाक मारली. "अगं" नाही, "पोरांची आई" नाही. नाव. आबांच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

आई हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, शेताच्या बांधावरून मारावी तशी. सगळा वॉर्ड वळला.

आईनं डोळे उघडले आणि घशातून, वाकडा का होईना, आवाज काढला.

"ओ."

प्रेशर उतरायला बराच वेळ लागला. ऑपरेशन संध्याकाळी झालं आणि निभावलं. पण मी आणि दादा तेवढा वेळ कुठे थांबतोय! आम्ही तिथेच, भर वॉर्डात, गार झालेल्या चहाचे कप हातात धरून रडलो.